रोज वाचतोय, पण फळ कधी? नित्यपाठ आणि धीर

अनघा_सातारा

आमच्या घरी तिन्हीसांजेला संकटनाशन स्तोत्र म्हणायची पद्धत. त्यात मुदतच दिली आहे: 'जपेद्गणपतिस्तोत्रं षड्भिर्मासैः फलं लभेत्'. सहा महिन्यांत फळ, वर्षात सिद्धी, वर 'नात्र संशयः'. ज्ञानेश्वरीला अशी मुदत कुणी घातलेली नाही, आणि माझा प्रश्न तिथेच सुरू होतो.

काही वर्षांपासून सकाळचे डबे झाले की सार्थ ज्ञानेश्वरी घेऊन बसते. थोड्याच ओव्या, पण रोज. सध्या बारावा अध्याय चालू आहे. 'जो सर्व भूतांच्या ठायीं। द्वेषातें नेणेंचि कांहीं' वाचताना आतून अगदी पटतं. मग ऑफिसात जाते, आणि एका सहकाऱ्याचं तोंड दिसलं की अकराच्या आत पोटात आग पडते. वाचन वाढतंय, अर्थही आता पुष्कळ कळतो, पण स्वभाव जिथल्या तिथे आहे.

'धीर धर, ग्रंथ आपलं काम करतो,' असं सासूबाई म्हणतात, कीर्तनकारही म्हणतात. मला धीर धरायचाच आहे. तो कशाच्या आधारावर धरायचा एवढंच विचारायचं आहे. तुमच्या आयुष्यात एखादी ओवी, अभंग, श्लोक, वचन खरोखर उतरलं का? आणि ते उतरलं हे कळलं कसं?

पारायण केल्यावर नोकरी लागली, लग्न जमलं, असे अनुभव कृपया इथे नकोत. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे.

भीमातीर

'नामा म्हणे ग्रंथ श्रेष्ठ ज्ञानदेवी। एक तरी ओवी अनुभवावी॥'

सुमारे नऊ हजार ओव्यांतली एक. नामदेवरायांनी एवढंच मागितलं आहे.

निरीश्वर_पुणे

धागा प्रामाणिक वाटला म्हणून लिहितो. मी देव मानत नाही, पण गाथा मनापासून वाचतो.

फलश्रुती हा प्रकार मला पटत नाही. लोकांनी स्तोत्र म्हणावं म्हणून शेवटी आमिष लावलेलं असतं. खुद्द तुकोबा विचारतात, 'नवसें कन्यापुत्र होती। तरि कां करणें लागे पती॥' आता राहिला स्वभाव बदलण्याचा दावा. वय वाढलं की बऱ्याच माणसांचा राग आपोआप निवतो. पंचवीस वर्षं पोथी वाचून निवला, की पन्नाशी आली म्हणून निवला, हे कसं ठरवणार? न वाचणारी माणसंही शांत होतात. तुम्ही धीर धराल, कधीतरी राग कमी होईल, आणि श्रेय ग्रंथाला जाईल.

सुलभाताई

@निरीश्वर, वयाने राग निवतो? आमच्या आळीत एकदा या. चहा पाजते आणि दोन-तीन आजोबा दाखवते. 😄

आमच्याकडे गुरुचरित्राचा सप्ताह बसला की यजमान सात दिवस इतके सौम्य असतात की मुलं सगळ्या परवानग्या त्याच आठवड्यात काढून घेतात. गाणगापूरच्या सहलीपासून नव्या मोबाईलपर्यंत सगळं मंजूर. गंमत सोडा, पण मला त्यातून एक दिसलं. सात दिवस जमतं, याचा अर्थ जमू शकतं. आठव्या दिवशी ते का टिकत नाही हा विचार त्यांनी स्वतः सुरू केला, आणि सप्ताह संपला तरी रोज एक अध्याय चालू ठेवला. आता मुलांना परवानग्या वर्षभर मिळतात.

टाळकरी_नेवासे

अनघाताई, नेवाशाचा आहे, ज्याला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली त्या पैस खांबाच्या गावचा, म्हणून थोडं हक्काने लिहितो.

तुकोबांचा 'याति शूद्र वैश्य केला वेवसाव' हा आत्मचरित्राचा अभंग काढून बघा. दुष्काळात सगळं गेलं, मग देऊळ नीट करायचं मनात आलं, आणि पुढे म्हणतात:

'आरंभीं कीर्तन करीं एकादशी। नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं॥
कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें। विश्वासें आदरें करोनियां॥'

तुकोबा स्वतः सांगताहेत की सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं. तरी एकादशीला कीर्तनाला उभे राहिले, आणि दुसऱ्यांची वचनं पाठ केली. स्वतःची कविता पुढची गोष्ट. आपण गाथा उघडतो ती शिखरावरून, म्हणून असं वाटतं की या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळं लख्ख दिसत होतं.

आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम. तिथली मुलं आधी पाठांतर करतात. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला सहाव्या अध्यायातला कुंडलिनीचा भाग काय कळणार? पण तो पाठ करतो. पुढे तिशीत, चाळिशीत गावोगाव कीर्तनं करताना एखाद्या रात्री बोलता बोलता तीच ओवी समोर उभी राहते आणि बुवा क्षणभर थांबतात. टाळकऱ्यांना ते लगेच कळतं. पाठ नसती तर ती त्या रात्री आली असती का?

तुमचा राग निवला नाही हे खरं असेल. पण अकराच्या आत पोटात आग पडते हे तुम्हाला दिसतं. आधी दिसत होतं का?

दासबोधी

टाळकरीबुवा, दंडवत. पण समर्थ इतकी लांबची मुदत देत नाहीत. पहिल्याच समासात रोख सांगितलं आहे:

'आतां श्रवण केलियाचें फळ। क्रिया पालटे तत्काळ।
तुटे संशयाचें मूळ। येकसरां॥'

तत्काळ! मला हे फार महत्त्वाचं वाटतं. धीर धीर म्हणत आपण स्वतःला सवलत देत राहतो. वाचलं आणि त्या दिवशी एकही कृती बदलली नाही तर ते श्रवण झालंच नाही, असं मी मानतो. अनघाताई, त्या सहकाऱ्याशी उद्या एक वाक्य नीट बोला. सगळा द्वेष जाईल तेव्हा जाईल. क्रिया पालटणं आपल्या हातात आहे.

आणि निरीश्वर, तुमच्यासाठी त्याच ग्रंथाच्या अगदी शेवटच्या समासातली ओवी: 'ग्रंथाचें करावें स्तवन। स्तवनाचें काय प्रयोजन। येथें प्रत्ययास कारण। प्रत्ययो पाहावा॥' समर्थांना तुमच्याच बाजूचे म्हणा हवं तर.

निरीश्वर_पुणे

ही ओवी मला ठाऊक नव्हती. आवडली.

गीतावाचक

धागाकर्तीचा प्रश्न मूळचा अर्जुनाचा आहे हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? सहाव्या अध्यायात आधी तो मन चंचल आहे, वाऱ्यासारखं आवरत नाही म्हणतो. भगवान उत्तर देतात, अभ्यासाने आणि वैराग्याने आवरतं. त्यावर त्याचं समाधान होत नाही. पुढे विचारतो: श्रद्धा आहे पण प्रयत्न पुरा पडला नाही, असा माणूस दोन्हीकडून गेला का? फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का? त्याला 'तू प्रयत्न कमी केलास' असं उत्तर मिळत नाही. 'न हि कल्याणकृत्कश्चिद्दुर्गतिं तात गच्छति', चांगलं करू पाहणारा कुणीही वाईट गतीला जात नाही, असं मिळतं.

मला धीराचा आधार हा वाटतो. फळ अमुक दिवशी मिळेल असं आश्वासन यात नाही. केलेलं वाया जात नाही, एवढंच आहे. दुसऱ्या अध्यायातही तेच: 'नेहाभिक्रमनाशोऽस्ति'. पतंजलींचं सूत्रही आठवा, अभ्यास पक्का कधी होतो? दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केला तर. दासबोधींचं तत्काळ आणि हे दीर्घकाळ यांत मला भांडण दिसत नाही. आजची कृती आजच बदलावी, स्वभावाला मात्र वेळ लागणारच.

दासबोधी

मान्य. फक्त 'वेळ लागणारच' हे वाक्य लोक कृती टाळायला वापरतात, एवढंच माझं म्हणणं.

तिफण_बीड

मी शेतकरी. धाग्यात फळाची गोष्ट चाललीय म्हणून आलो.

तुकोबांचा अभंग आहे, 'मढें झांकूनियां करिती पेरणी। कुणबियाचे वाणी लवलाहें॥' शहरातल्या माणसाला हा जरा भयंकर वाटतो. घरात मयत झालंय आणि झाकून ठेवून पेरायला गेले? पण आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाऊस झाला, जमिनीला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आली की तो चार-दोन दिवसच असतो. वल गेली की बी वाया, साल वाया, घरातली बाकीची माणसं उपाशी. म्हणून दुःख बाजूला ठेवून तिफण धरायची. पुढं तुकोबा म्हणतात, 'तयापरी करी स्वहित आपुलें। जयासी फावलें नरदेह॥'

माझं म्हणणं असं की धीर आणि घाई दोन्ही एकाच कामात असतात. पेरताना घाई. पेरल्यावर धीर. पेरल्यावर घाई करून उपयोग नसतो, कोंब बघायला माती उकरली तर तो मरतो. ताई रोज सकाळी स्वतःला तपासतात, राग गेला का, राग गेला का, ते मला तसं वाटलं. वाचायचं सोडू नका, तपासणं कमी करा.

आमच्या गावात दरवर्षी सप्ताह असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. मी वाचनाला बसतो. अर्थ निम्मा कळत नाही. पण सालभर नांगरताना, पाणी धरताना तोंडात ज्या ओळी येतात त्या तिथल्याच. हे फळ म्हणायचं का ते जाणकारांनी सांगावं. मला पुरतं.

टाळकरी_नेवासे

दादा, पुरतं म्हणालात ना, मग जाणकारांना कशाला विचारता. रामकृष्णहरी.

वसईकर

नमस्कार. मी वसईचा, ख्रिस्ती. वाचनमात्र असतो, पण तिफण यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

आमच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला आहे. काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत, काही चांगल्या जमिनीत. लूककडे या दाखल्याचा अर्थ सांगताना शेवटी येतं की चांगल्या अंतःकरणाचे लोक वचन ऐकतात, धरून ठेवतात आणि धीराने फळ देतात. अनघाताई ज्याविषयी विचारताहेत तो धीर आमच्याकडे असा थेट वचनातच आला आहे.

पण मला जास्त जवळचा मार्कच्या चौथ्या अध्यायातला छोटा दाखला. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं आणि वाढतं. कसं, ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. 'कसं ते त्याला कळत नाही' हे मला फार मोठं आश्वासन वाटतं. तिफण म्हणतात ते माती न उकरण्याचं हेच आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे द्यावंसं वाटतं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी. बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षं भाषांतर करत बसल्या. १९२२ साली त्या गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. लोकांच्या हातात ते गेलेलं त्यांनी पाहिलं नाही.

भीमातीर

वसईकर, वाचनमात्र राहू नका. मार्कचा दाखला पहिल्यांदाच वाचला, उतरवून घेतला.

कोकणी_माणूस_मडगांव

थोडं अवांतर. येशूची गोष्ट मराठी ओवीत आली आहे हे सगळ्यांना माहीत असेलच. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण, १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं. माणूस इंग्रज, आणि ज्ञानोबा-एकनाथांच्या छंदात हजारो ओव्या लिहिल्या. मराठीची ही स्तुती त्याचीच:

'जैसी हरळांमाजि रत्नकिळा। कि रत्नांमाजि हिरा निळा।
तैसी भासांमाजि चोखळा। भासा मराठी॥'

शाळेत पाठ होती, पुराण कुणाचं ते नंतर कळलं.

सुलभाताई

आम्हालाही होती! आता धागा मराठी भाषा दिनाकडे जाणार. अनघा, सांभाळ गं.

अनघा_सातारा

जाऊ दे सुलभाताई, अवांतर छान चाललंय.

@दासबोधी, एक वाक्य नीट बोलायचं ठरवलं आहे. @तिफण, तुम्ही बरोबर ओळखलंत, मी रोज तपासते. ते सोडणं मला वाचनापेक्षा अवघड जाईल असं दिसतंय. @टाळकरी, 'आधी दिसत होतं का' या प्रश्नाने मला थांबवलं. नव्हतं दिसत. आधी मला फक्त तो सहकारी दिसायचा.

मंजिरी_व

या धाग्यावर लिहू की नको असं होत होतं.

माझे यजमान अचानक गेले. भेटायला येणारं प्रत्येक माणूस 'ठेविले अनंते तैसेचि राहावे। चित्ती असो द्यावे समाधान' म्हणायचं. काहींनी मेसेजमध्ये फुलांच्या चित्रावर टाकून पाठवलं. मला त्या अभंगाची चीड बसली. माहेरी रोज हरिपाठ व्हायचा, मी त्यात वाढलेली, तरी गाथा माळ्यावर टाकली. सगळ्यांना कळकळीने सांगते, दुसऱ्याच्या दुःखावर वचन फेकू नका. ज्याला ते आतून आलं त्याने स्वतःसाठी म्हणावं. समोरच्याचा धीर आपण ठरवू नये.

बऱ्याच काळाने रेडिओवर एक अभंग कानावर पडला. 'धांव घालीं आई। आतां पाहातेसी काई॥ धीर नाहीं माझे पोटीं। झालें वियोगें हिंपुटी॥' हातातलं काम तसंच राहिलं. धीर नाही असं तुकोबा म्हणताहेत. हे म्हणायची मुभा आहे, आणि तेही अभंगात आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी गाथा परत खाली काढली.

अनघा, तू विचारलंस, उतरलं हे कळलं कसं. मला रडू आलं त्यावरून कळलं. तोवर मला नीट रडताही आलं नव्हतं. 'ठेविले अनंते' मी अजून म्हणत नाही. कदाचित पुढे म्हणेन. त्याची मला घाई नाही.

टाळकरी_नेवासे

ताई, तुमच्या प्रतिसादाला उत्तर म्हणून काही लिहीत नाही. फक्त वाचला हे कळावं.

निरीश्वर_पुणे

मंजिरीताई, दुसऱ्यावर वचन फेकण्याबद्दल जे लिहिलंत ते प्रत्येक सप्ताहाच्या मंडपात लावावं इतकं खरं आहे.

माझा दुसरा आक्षेप मात्र मोठा आहे. एकेका माणसाचं सोडा. 'विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म। भेदाभेद भ्रम अमंगळ' हे महाराष्ट्राने किती शतकं म्हटलं? हजारो गावांत सप्ताह झाले, टाळ वाजले. आणि पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर. त्यांच्या लोकांना मंदिरात प्रवेश मिळायला १९४७ साल उजाडावं लागलं. ग्रंथ फळ देतो म्हणता, तर एवढ्या शतकांच्या पठणाचं हे फळ? आणि जो पायरीबाहेर उभा आहे त्याला 'धीर धरा' म्हणायचं? हा धीर नेहमी आतल्यांना परवडतो.

भीमातीर

पंढरपूरचा आहे. यावर मान खाली जाते. खरं आहे.

धुळेकर_मास्तर

निरीश्वर, तुमचा आक्षेप मी पुसून टाकू शकत नाही, आणि टाकूही नये. तो धाग्यात राहिला पाहिजे. पण १९४७ चा उल्लेख केलात, तर त्याआधीची हकीकत सांगतो. ती आमच्या धुळ्यातून जाते.

विनोबांच्या आई रुक्मिणीबाई. गीतेवरची प्रवचनं ऐकायला जायच्या, संस्कृत कळायचं नाही. विनोबांनी एक मराठी समश्लोकी गीता आणून दिली, तीही अवघड गेली. त्या म्हणाल्या, मग तूच का नाही करत? १९१८ मध्ये त्या वारल्या. विनोबांनी गीताई लिहिली १९३०-३१ मध्ये. ज्या आईसाठी ती, तिला ती वाचायला मिळाली नाही. 'गीताई माउली माझी तिचा मी बाळ नेणता' ही ओळ वाचताना मला हे नेहमी आठवतं.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत, अठरा रविवार, जूनपर्यंत. ऐकायला सत्याग्रही कैदी. त्यांतला एक शिक्षक ती प्रवचनं भराभर लिहून घेत होता. ते साने गुरुजी. गीता प्रवचने म्हणून आज जे पुस्तक घरोघरी आहे ते त्यांच्या हातामुळे आपल्यापर्यंत आलं.

आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरला विठ्ठलाचं मंदिर हरिजनांसाठी खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले ते हेच साने गुरुजी. त्याआधी महाराष्ट्रभर हिंडून लोकांना विनवलं होतं. उपोषण दहाव्या दिवशी सुटलं, मंदिर उघडलं.

गीता ऐकली म्हणून उपोषण केलं, असं सरळ सूत मी लावणार नाही. गुरुजींच्या मनावर आईचेही संस्कार होते, गांधीजी होते, स्वातंत्र्याची चळवळ होती. शिवाय दार ठोठावण्याचं काम त्याच्या कितीतरी आधी दलितांनी स्वतः सुरू केलं होतं. पर्वतीचा सत्याग्रह, काळारामाचा सत्याग्रह आठवा. पण ऐकलेलं एखाद्याच्या हाडापर्यंत जातं आणि पंधरा वर्षांनी तो माणूस पंढरपुरात उपाशी बसतो, हेही खरं घडलेलं आहे.

बाहेर उभ्या असलेल्याला धीर धरा म्हणायचा अधिकार कुणालाच नाही, यावर मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. धीर स्वतःच्या स्वभावापुरता. अन्यायाच्या बाबतीत दासबोधींचं तत्काळ लागू करावं.

दासबोधी

मास्तर, हे वाक्य माझ्याकडून उचलू द्या.

निरीश्वर_पुणे

मास्तर, हे सगळं एकत्र जोडून मी कधी पाहिलं नव्हतं. तरीही सांगतो, एक साने गुरुजी निघाले आणि हजारो पाठ म्हणणारे दाराच्या आतच राहिले. माझा हिशेब अजून तुटीत आहे. पण मग फरक कुठे पडतो? तीच ओवी एकाला उपोषणाला बसवते आणि दुसऱ्याला दार लावू देते. यावर कुणी लिहावं.

गीतावाचक

माझा अंदाज लिहितो. पहिल्या अध्यायात ज्ञानोबा श्रोत्यांकडे एक गोष्ट मागतात:

'तियापरी श्रोतां। अनुभवावी हे कथा।
अति हळुवारपण चित्ता। आणूनियां॥'

चित्त हळुवार करून ऐका, असं. दार लावणाऱ्याला ओव्या पाठ असतील, चित्त हळुवार नव्हतं. वसईकरांच्या दाखल्यात बी सगळीकडे एकच आहे, जमीन चार तऱ्हेची आहे, तेही जवळपास हेच सांगतं.

निरीश्वर_पुणे

मग श्रेय चित्ताचं की ग्रंथाचं?

गीतावाचक

याला मी उद्या ऑफिसातून आल्यावर उत्तर देईन. सोपं नाही.

न्यूजर्सीकर_आई

धागा एका बैठकीत वाचला. आमच्या मराठी शाळेत दर रविवारी मुलं पसायदान म्हणतात. माझ्या मुलीला मराठी बोलता येतं, पण 'जे खळांची व्यंकटी सांडो' म्हणजे काय हे तिला अजिबात कळत नाही. काही पालकांचं म्हणणं, अर्थ कळत नसेल तर घोकंपट्टी कशाला. मी इतके दिवस त्यांच्याच बाजूची होते. टाळकरी यांनी आळंदीबद्दल लिहिलं ते वाचून विचारते, तिथे मुलं त्याच भाषेत, त्याच वातावरणात असतात. इथे पाठांतर पुढे कुठे जाऊन भेटणार?

धुळेकर_मास्तर

बाई, मी तीस वर्षं शिकवलं. अर्थाशिवाय पाठांतर पुरेसं नाही, पण पाठांतराआधी पूर्ण अर्थ ही अटही चुकीची. रोज एका ओवीची गोष्ट सांगा. 'खळांची व्यंकटी सांडो' सांगायला शाळेतला दादागिरी करणारा मुलगा पुरे. तो नाहीसा होवो असं ज्ञानोबा मागत नाहीत, त्याच्यातलं वाकडेपण जावो असं मागतात. आठ वर्षांच्या मुलीला हे नक्की कळतं.

अनघा_सातारा

मास्तर, आणि बेचाळीस वर्षांच्या बाईलाही. मी पसायदान लहानपणापासून म्हणते, आणि त्या सहकाऱ्याबद्दल हे कधी मागितलं नाही. त्याची बदली व्हावी एवढंच मागत होते.

सुलभाताई

बदलीसाठी संकटनाशन आहे की. सहा महिने. 😄

वसईकर

न्यूजर्सीकर, आमच्या घरी आजी सगळ्या प्रार्थना पाठ करून घ्यायची. अर्थ नंतर मिस्साला, धर्मशिक्षणाला हळूहळू आला. काही वाक्यांचा अजून यायचा आहे. पण ती वाक्यं माझ्याजवळ आहेत, शोधायला कुठे जावं लागत नाही.

तिफण_बीड

ताई, बोललात का त्या माणसाशी? एक वाक्य.

अनघा_सातारा

बोलले. त्याने काहीच उत्तर दिलं नाही, मान हलवली आणि गेला. मी मात्र दुपारी डबा शांतपणे खाल्ला. याला फळ म्हणणार नाही, आणि तपासणारही नाही. उद्या परत बोलेन.

एक व्यवहाराचं विचारायचं होतं. बहिणीला ऑस्ट्रेलियात ज्ञानेश्वरी पहिल्यांदाच सुरू करायची आहे. पहिल्या अध्यायापासून की बाराव्यापासून? आणि रोज किती?

टाळकरी_नेवासे

परंपरेने पहिल्यापासून. पण नव्या माणसाला बारावा आधी दिला तर बिघडत नाही. लहान आहे, मनाला लगेच लागतो. रोज पंचवीस ओव्या धरल्या तर साधारण वर्षभरात ग्रंथ पुरा होतो. पंचवीस जमत नसतील तर पाच. खंड पडू देऊ नये, पडलाच तर खंत करत न बसता दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. त्याच अध्यायात माउलींनी म्हटलंय, 'म्हणौनि अभ्यासासी कांहीं। सर्वथा दुष्कर नाहीं'.

प्रत सार्थच घ्या, अक्षर मोठं असलेली.

न्यूजर्सीकर_आई

तिच्याबरोबर मीही सुरू करते. वेळेचं गणित जमवून आठवड्यातून एकदा ऑनलाइन भेटता येईल का? सिडनीची सकाळ म्हणजे आमची आदली संध्याकाळ.

मंजिरी_व

मलाही घ्या. शनिवार चालेल.

निरीश्वर_पुणे

श्रोता म्हणून येऊ का? प्रश्न विचारणार, आधीच सांगतो. आणि गीतावाचक, उत्तर बाकी आहे.

गीतावाचक

आहे लक्षात. शनिवारी.